मणिलक्खण आणि ताम्रमणी : निळ्या-हिरव्या खड्यांचे गुणधर्म, समजुती आणि इतिहास

दीघनिकायाच्या सीलक्खन्धवग्गात भिक्खूने कोणत्या मार्गांनी उपजीविका करू नये, हे सांगताना हीन विद्यांची एक दीर्घ यादी दिलेली आहे. या विद्यांना तेथे ‘तिरच्छानविज्जा’ असे नाव आहे. ब्रह्मजाल सुत्तात ही यादी येते, तशीच ती सामञ्ञफल सुत्तातही येते. तिच्या महासील या भागातील एका परिच्छेदाचा आरंभ ‘मणिलक्खण’ या शब्दाने होतो. त्यापाठोपाठ वस्त्र, दंड, शस्त्र इत्यादींची शुभाशुभ लक्षणे सांगण्याचे धंदे येतात. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोषांनी सुमंगलविलासिनी या अट्ठकथेत मणिलक्खण या शब्दाचा उलगडा केला आहे. अमुक मणी प्रशस्त व अमुक अप्रशस्त, अमुक मणी धन्याच्या आरोग्यास व ऐश्वर्यास कारण होतो आणि अमुक होत नाही, असे मण्याच्या रंगावरून व आकारावरून सांगत राहणे म्हणजे मणिलक्खण, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

परंतु त्याच सामञ्ञफल सुत्तात पुढे मण्याचा आणखी एक उल्लेख येतो आणि तो निषेधाचा नाही. विपस्सनेने लाभणारे ज्ञान कसे असते, हे समजावून देताना तथागतांनी वेळुरिय मण्याची उपमा योजिली आहे. उत्तम पैलू पाडलेला, स्वच्छ असा मणी आहे. त्यात रंगीत दोरा ओवलेला आहे. डोळस मनुष्य तो हातावर घेतो आणि हा मणी, हा त्यातील दोरा, असे दोन्ही वेगवेगळे पाहतो. एकाच सुत्तात मण्याकडे पाहण्याच्या दोन रीती अशा समोरासमोर आल्या आहेत. एका रीतीत मण्याला विचारले जाते की तू कोणाचे भले करशील. दुसऱ्या रीतीत पाहणारा स्वतःलाच विचारतो की येथे काय आहे आणि ते कशामुळे आहे.

या दोन रीतींची कसोटी लावण्यासाठी प्रस्तुत लेखात आम्ही खड्यांचा एक विशिष्ट वर्ग निवडला आहे. ज्यांचा निळा वा हिरवा रंग तांब्यापासून येतो असे हे खडे होत. पिरोजा, मॅलाकाइट, अ‍ॅझुराइट व क्रायसोकोला ही त्यांतील प्रमुख नावे. पिरोजालाच हिंदीत फिरोजा म्हणतात. हा वर्ग निवडण्याचे कारण असे की हे खडे बदलतात. त्यांचा रंग फिका पडतो, निळ्याचा हिरवा होतो, तापविल्यास काळा पडतो. जो दगड डोळ्यांदेखत बदलतो त्याच्याविषयी समजुती अधिक रुजतात. आणि त्याच बदलातून खरे ज्ञानही निघू शकते.

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. अंगुत्तरनिकायात महासमुद्रातील रत्नांची जी यादी आहे तीत मुत्ता, मणि, वेळुरिय, संख, सिला, पवाळ, रजत, जातरूप, लोहितंक व मसारगल्ल अशी दहा नावे येतात. यांपैकी मसारगल्ल म्हणजे नेमका कोणता दगड, याविषयी विद्वानांत एकमत नाही. तिपिटकातील रत्ननामांवर आजच्या खनिजशास्त्रातील नावे सरळ चिकटविणे धोक्याचे आहे. म्हणून पिरोजाचा वा मॅलाकाइटचा उल्लेख बुद्धवचनात आहे असा दावा आम्ही करीत नाही. बुद्धवचनातून येथे घ्यावयाची आहे ती पाहण्याची रीत.

तांबे आणि रंग

तांब्यापासून हिरवा रंग कसा निर्माण होतो, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना खनिजशास्त्र न शिकताही ठाऊक होते. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, त्यावर हिरवट झाक येते आणि ते पिण्याजोगे राहत नाही. आंबट पदार्थातील आम्लामुळे तांबे विरघळते व पदार्थात उतरते. हेच तांबे नुसत्या दमट हवेत पडून राहिले तरी त्यावर हळूहळू हिरवा थर धरतो. त्यालाच जंगाल म्हणतात. कल्हईवाला भांड्याला आतून कथलाचा लेप देतो तो याच कारणासाठी.

निसर्गात हीच क्रिया हजारो वर्षे चालते. तांब्याच्या धातुकाचा जो भाग जमिनीच्या पृष्ठभागाजवळ असतो, त्यात पावसाचे पाणी व हवेतील प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड शिरतात. मूळ धातुक कुजते आणि विरघळलेले तांबे नव्या रूपात साचते. त्याचा संयोग कार्बोनेटशी झाला की हिरवा मॅलाकाइट किंवा गडद निळा अ‍ॅझुराइट तयार होतो. सिलिकेटशी झाला की क्रायसोकोला. तांब्याबरोबर अ‍ॅल्युमिनियम व फॉस्फेट असले आणि पाण्याचा अंश त्यांच्या रचनेत बांधला गेला की पिरोजा. पिरोजात अ‍ॅल्युमिनियमच्या जागी थोडे लोह शिरले म्हणजे त्याची निळाई हिरवटपणाकडे झुकते.

सर्वच निळे-हिरवे खडे ताम्रमणी नव्हेत, हे येथे लक्षात घ्यावे. पाचूचा हिरवा रंग क्रोमियम व व्हॅनेडियम यांच्या अल्पशा अंशाने येतो. लाजवर्द निळा दिसतो तो त्यातील गंधकामुळे. दिसण्यात साम्य असले तरी कारणे निराळी आहेत, आणि कारण निराळे असले की गुणधर्मही निराळे असतात.

ताम्रमणी मऊ असतात. काठिण्याच्या दहा अंकी मापनात गारगोटीचा अंक ७ आहे. पिरोजा ५ ते ६ च्या दरम्यान येतो. मॅलाकाइट व अ‍ॅझुराइट ३.५ ते ४ इतकेच. साध्या धुळीतही गारगोटीचे कण असल्याने नुसत्या पुसण्यानेही मॅलाकाइटवर ओरखडे उठतात. मॅलाकाइटच्या वजनात सुमारे ५७ टक्के तांबे असते, म्हणून तो हाताला जड लागतो. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर बुडबुडे येतात. पिरोजावर येत नाहीत. मॅलाकाइट तापविला की पाणी व कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन काळी भुकटी उरते, आणि तीच कोळशाबरोबर तीव्र आचेत धरली की तांबे हाती येते. अ‍ॅझुराइटही स्थिर नाही. ओलाव्याच्या दीर्घ संपर्काने त्याचे रूपांतर मॅलाकाइटमध्ये होते, म्हणजे निळ्याचा हिरवा होतो. पिरोजा सच्छिद्र असतो. तेल, घाम, अत्तर, साबण असे जे जे त्याला लागते ते तो शोषून घेतो आणि त्याचा रंग पालटतो.

डोंगरावरील हिरवा-निळा डाग म्हणजे खाली तांबे असण्याची खूण, हे खाणकाम करणारे लोक फार प्राचीन काळापासून ओळखून होते. आपल्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे, तेथेही मॅलाकाइट सापडतो. ही खूण पाहणे हेही एक लक्षण पाहणेच आहे. परंतु ते मणिलक्खण नव्हे. येथे डागाचा संबंध भूगर्भाशी जोडला जातो, कोणाच्या दैवाशी नाही, आणि खणून पाहिल्यावर तो खरा की खोटा हे ठरते.

सिनाईचा डोंगर : निरीक्षण कोणाचे, श्रेय कोणाचे

पिरोजाच्या सर्वांत प्राचीन खाणींपैकी काही ईजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पात आहेत. वादी मघारा येथे प्राचीन राजवटीच्या काळापासून, म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकापासून, ईजिप्तचे राजे खाणकामाच्या मोहिमा धाडीत. पुढे सराबित-अल-खादिम हे मुख्य ठिकाण झाले. तेथे हाथोर देवीचे मंदिर उभे राहिले आणि ‘पिरोजाची स्वामिनी’ असे तिला बिरुद मिळाले.

याच ठिकाणी हरुर्रे नावाच्या अधिकाऱ्याचा शिलालेख आहे. तो तिसरा आमेनेमहेत या राजाच्या काळातील, म्हणजे इ. स. पू. एकोणिसाव्या शतकातील मानला जातो. हा अधिकारी भर उन्हाळ्यात मोहीम घेऊन आला. डोंगरात पिरोजा नेहमीच असतो, परंतु या ऋतूत त्याचा रंग हाती लागत नाही, असे तेथील अनुभवी लोकांनी त्याला सांगितले. डोंगर तापलेले होते, अंगाची कातडी भाजत होती. तरीही मोहीम यशस्वी झाली, आणि हरुर्रेने त्याचे श्रेय हाथोरला देऊन पुढे येणाऱ्यांनाही देवीला बलिदान व नैवेद्य अर्पण करण्याचा उपदेश केला.

हा लेख आम्हास फार बोलका वाटतो. पिरोजाच्या रचनेत पाणी असते आणि तो सच्छिद्र असतो. खाणीतून काढल्यावर उष्ण, कोरड्या हवेत त्याचा रंग फिका पडू शकतो. खाणीतील लोकांनी सांगितलेली गोष्ट म्हणजे वर्षानुवर्षांच्या श्रमातून आलेले, वस्तूच्या स्वभावाचे निरीक्षण होते. शिलालेखात मात्र ते निरीक्षण एक अडचण म्हणून उरले आणि यश देवीच्या नावावर जमा झाले. ज्यांच्या हातांनी दगड फुटला त्यांची नावे हरुर्रेने श्रेयासाठी घेतली नाहीत. ताम्रमण्यांच्या लोककथांचा पुष्कळसा इतिहास याच रीतीने घडला आहे.

मात्र याच डोंगरात आणखी एक गोष्ट घडली. १९०४–०५ च्या हंगामात फ्लिंडर्स पेट्री यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा त्यांना ईजिप्शियन चित्रलिपीहून वेगळे, ओबडधोबड असे काही लेख सापडले. १९१६ मध्ये अ‍ॅलन गार्डिनर यांनी त्यांतील वारंवार येणारा अक्षरसमूह ‘बालत’, म्हणजे ‘स्वामिनी’, असा वाचला. शब्द सेमिटिक भाषेचा होता. खाणींशी संबंधित असलेल्या, कनान प्रदेशातील भाषा बोलणाऱ्या लोकांनी ईजिप्शियन चित्रे घेऊन त्यांना आपल्या भाषेतील ध्वनी दिले होते. शेकडो चिन्हांच्या जागी थोडकी अक्षरे आली. हे लेख कोरणारे निरक्षर मजूर होते की लिपिकांच्या सहवासात वावरलेले लोक होते, हा प्रश्न अभ्यासकांत वादाचा आहे. लेख खाणींच्या परिसरात आहेत, याविषयी वाद नाही. वर्णमालेच्या या आरंभाकडे आपण लेखाच्या शेवटी पुन्हा वळू.

पिरोजा : विजयाचा दगड, आजाराची खूण

इराणात खोरासान प्रांतातील निशापूरच्या खाणी आकाशी निळ्या पिरोजासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहेत. फारसीत ‘पीरोज’ या शब्दाचा अर्थ विजयी असा आहे, आणि त्या नावामुळेच हा दगड जय देणारा ठरला. नाव आधी आणि गुण मागाहून, असे समजुतींच्या बाबतीत अनेकदा घडते. युरोपात हा दगड तुर्कस्तानमार्गे पोहोचला, म्हणून तिकडे त्याला ‘तुर्की दगड’ या अर्थाचे टर्कॉइज हे नाव पडले. घोड्यावरून पडणाऱ्या स्वाराचे रक्षण पिरोजा करतो आणि धन्यावरचे संकट स्वतःवर घेऊन तडकतो, अशी समजूत तेथे रूढ झाली. मऊ दगड आघाताने तडकतो यात नवल नाही. स्वार वाचला आणि दगड तडकला ही गोष्ट सांगितली जाते. स्वारही गेला आणि दगडही तडकला ही गोष्ट सांगणारा मागे उरत नाही.

तिबेटात पिरोजाला ‘यु’ म्हणतात. तेथे ज्याच्यात माणसाचा प्राण वा जीवशक्ती वसते असा ‘लायु’ नावाचा पिरोजा जपण्याची चाल आहे. खड्याचा रंग उतरला तर धन्यावर आजार येणार, असे मानले जाते. लडाखमध्ये स्त्रिया पिरोजांनी मढविलेला ‘पेराक’ हा शिरोभूषणाचा चामडी पट्टा धारण करतात. तो आईकडून थोरल्या मुलीकडे जातो. ही चाल बौद्ध समाजांतील आहे, म्हणून ती बुद्धाची शिकवण ठरत नाही. लामांच्या प्रदेशात बौद्ध धर्म पोहोचण्यापूर्वीच्या जीवात्म्याच्या कल्पना तेथील लोकजीवनात टिकून राहिल्या आणि पुढे बौद्ध आचारांत मिसळल्या. पेराकचे महत्त्व मात्र आम्ही कमी लेखीत नाही. आईने मुलीला दिलेली ती संपत्ती आहे आणि एका समाजाची ओळख आहे. त्यासाठी तिला जादूच्या आधाराची गरज नाही.

रंग उतरण्याची भीती कोठून आली, हेही पाहता येते. अंगावर सतत असलेला पिरोजा घाम व तेल शोषून हिरवट होतो. वर्षानुवर्षे खडा घातलेला मनुष्य केव्हा ना केव्हा आजारी पडतो आणि म्हाताराही होतो. खड्याचा बदल आणि देहाचा बदल, दोन्ही आपापल्या कारणांनी होतात. समजूत त्यांना एकाच दोऱ्यात ओवते. डोळस मनुष्य मणी आणि दोरा वेगळे पाहतो, या उपमेचे स्मरण येथे होते.

मॅलाकाइट : डोळ्यांतील हिरवे आणि छातीतील धूळ

प्राचीन ईजिप्तमध्ये मॅलाकाइट वाटून त्याचे हिरवे अंजन करीत. राजवंशांच्या पूर्वीच्या दफनांतही ते वाटण्याच्या दगडी पाट्या सापडल्या आहेत. हा हिरवा रंग नवजीवनाचा समजला जाई. इ. स. ७९ मध्ये मृत्यू पावलेल्या रोमन लेखक प्लिनीने एका हिरव्या दगडाविषयी लिहिताना तो तान्ह्या मुलांचे संकटापासून रक्षण करतो, ही समजूत नोंदविली आहे. आपल्याकडे बाजारात ‘दाना फिरंग’ या नावाने मॅलाकाइट मूत्रपिंडाच्या विकारावर बांधावयास देतात.

याच्या शेजारी विनयपिटकातील भेसज्जक्खन्धक ठेवून पाहावा. एका भिक्खूला डोळ्यांचा विकार झाला, तेव्हा तथागतांनी अंजनाची अनुज्ञा दिली आणि अंजनाचे प्रकारही सांगितले. तेथे अंजन हे औषध आहे. रोग आहे म्हणून उपाय आहे. रंगाच्या शुभत्वाचा प्रश्न उद्भवत नाही.

मॅलाकाइटच्या लोककथा सर्वाधिक समृद्ध झाल्या त्या रशियातील उरल पर्वतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तेथील तांब्याच्या खाणींतून उत्तम मॅलाकाइट निघाला. कारागीर त्याचे काही मिलिमीटर जाडीचे पातळ काप काढून, त्यांच्या वलयरेषा जुळवून, खांब व फुलदाण्यांवर असे बसवीत की सारी वस्तू एकाच दगडाची भासे. सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यात १८३७ च्या आगीनंतर उभारलेला मॅलाकाइट कक्ष हे या कलेचे प्रसिद्ध उदाहरण. उरलमधील हे काम बहुतांशी बांधील भूदासांच्या श्रमावर चालले. भूदासपद्धती १८६१ साली रद्द झाली. मॅलाकाइट कापताना व घासताना उठणारी धूळ विषारी असते. म्हणूनच आज तो ओला ठेवून कापतात व कारागिराने तोंडावर मुखपट्टी बांधावी असे सांगितले जाते.

या खाणकामगारांमध्ये ‘तांब्याच्या डोंगराची स्वामिनी’ हिच्या कथा चालत. पावेल बझोव या लेखकाने अशा कथांच्या आधारे लिहिलेला ‘मॅलाकाइटची पेटी’ हा संग्रह १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ही स्वामिनी क्रूर मुकादमाला शासन करते आणि कसबी कारागिराला दगडाचे रहस्य दाखविते. ज्यांना न्यायालय नव्हते, ज्यांची स्वतःच्या देहावरही मालकी नव्हती, त्यांनी न्यायासाठी डोंगराच्या पोटात एक शासनकर्ती कल्पिली. अशा कथेला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही. ती दुःखाची साक्ष आहे. परंतु दुःखाचा निरोध कथेतील स्वामिनीने केला नाही. भूदासपद्धती मोडली ती माणसांनी केलेल्या कायद्याने.

चित्रकारांचा निळा आणि हिरवा

ताम्रमण्यांचा एक उपयोग असा आहे की त्यात भाकिताला जागा नाही. तो म्हणजे रंग. चीनमधील दुनहुआंगजवळच्या मोगाओ लेण्यांचा आरंभ परंपरेने इ. स. ३६६ मध्ये मानतात. तेथील भित्तिचित्रांत अ‍ॅझुराइट, मॅलाकाइट आणि अ‍ॅटाकामाइट हे तांब्याचेच आणखी एक खनिज वापरल्याचे रासायनिक तपासणीत आढळले आहे. तिबेटी थंका चित्रांतही निळ्यासाठी अ‍ॅझुराइट आणि हिरव्यासाठी मॅलाकाइट हेच पारंपरिक रंग होत. जपानी चित्रकलेत या दोहोंना अनुक्रमे गुंजो व रोकुशो म्हणतात.

या चित्रकारांना दगडाचा एक गुणधर्म अचूक ठाऊक होता. अ‍ॅझुराइट जाडसर वाटला तर गडद निळा रंग मिळतो आणि जसजसा तो बारीक वाटावा तसतसा फिका होत जातो. म्हणून वाटलेली पूड पाण्यात ढवळून, जड कण आधी खाली बसू देऊन, एकाच दगडातून निळ्याच्या अनेक छटा वेगळ्या काढीत. हे ज्ञान हाताचे व डोळ्याचे होते, आणि प्रत्येक वेळी पडताळता येण्यासारखे होते.

आपल्या अजिंठ्याविषयी मात्र गैरसमज नसावा. अजिंठ्याचा प्रसिद्ध निळा रंग तांब्याचा नाही. शास्त्रीय तपासणीनुसार तो लाजवर्दाचा आहे आणि लाजवर्दाची प्राचीन खाण अफगाणिस्तानातील बदख्शान प्रदेशात आहे. तेथील हिरवा मुख्यतः हिरव्या मातीचा आहे. ती दख्खनच्या काळ्या पाषाणातच मिळते. म्हणजे निळ्यासाठी दूरदेशीचा दगड आणि हिरव्यासाठी पायाखालची माती, असा हा संयोग आहे. या रंगांतून जातककथा उमटल्या. रंगाच्या खड्याने कोणाचे ग्रह बदलले की नाही याची नोंद भिंतींवर नाही. कथेतील त्याग व करुणा मात्र आजही दिसते.

एका दफनातील पिरोजा आणि अक्षरे

आता सिनाईच्या अक्षरांकडे वळू. खाणींच्या परिसरात आढळणाऱ्या त्या आद्य वर्णमालेपासून पुढे फिनिशियन व तिच्यापासून अरमाइक लिपी निघाली. इराणच्या हखामनी साम्राज्याच्या कारभारात अरमाइकचा वापर होता आणि त्यामुळे ती गंधारापर्यंत आली. तिच्या आधाराने तेथे खरोष्ठी लिपी घडली, असे विद्वानांचे सर्वसाधारण मत आहे. ब्राह्मीच्या उगमाविषयी मतभेद आहेत; तो प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकात सम्राट अशोकांनी शाहबाजगढी व मानसेहरा येथील आपले धम्मलेख खरोष्ठीत कोरविले. १९५८ साली कंदाहार येथे अशोकांचा ग्रीक व अरमाइक असा द्विभाषिक लेख सापडला. आज उपलब्ध असलेली सर्वांत प्राचीन बौद्ध हस्तलिखितेही गंधारातील, भूर्जपत्रावर खरोष्ठीत लिहिलेली आहेत. त्यांतील इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा एक मोठा संच १९९४ साली ब्रिटिश लायब्ररीत आला.

उत्तर अफगाणिस्तानात शिबरघान गावाजवळ तिल्या तेपे नावाचे टेकाड आहे. १९७८ साली व्हिक्टर सारियानिदी यांच्या नेतृत्वाखालील उत्खननात तेथे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची सहा दफने उघडकीस आली. त्यांतून वीस हजारांहून अधिक सुवर्णवस्तू निघाल्या, आणि त्यांतील कितीतरी वस्तूंत पिरोजा जडविलेला आहे. सहा दफनांपैकी एकच पुरुषाचे होते. त्या दफनात एक लहान सुवर्णमुद्रा मिळाली. तिच्या एका बाजूस सिंह आहे, दुसऱ्या बाजूस चक्र फिरविणारी मानवी आकृती. शेजारी खरोष्ठी अक्षरांत लिहिले आहे : धर्मचक्रप्रवर्तक.

पिरोजाच्या खाणींच्या परिसरात आकाराला आलेली अक्षरपरंपरा अठराशे वर्षांहून अधिक काळाचा प्रवास करून, पिरोजांनी मढलेल्या एका दफनात तथागतांचे बिरुद घेऊन पोहोचली, हा योगायोग खरा. तो कोणी आखला नव्हता आणि त्यामागे कोणत्याही दगडाची शक्ती नव्हती. परंतु त्यातून एक भेद स्पष्ट होतो. पिरोजाने त्या दफनातील सरदाराचा मृत्यू टाळला नाही. तो दगड ज्यांच्याजवळ होता त्यांच्याजवळच राहिला. अक्षरे मात्र एकाची दुसऱ्याकडे गेली, भाषा बदलल्या, राज्ये बदलली, तरी ती कामास येत राहिली. कारण ती शिकता येत होती आणि शिकविता येत होती.

आजच्या बाजारात

हा विषय केवळ पुरातन नाही. नवरत्नांच्या परंपरागत यादीत एकही ताम्रमणी नाही. तरीही महागड्या रत्नांना पर्याय म्हणून, उपरत्न या नावाने, पिरोजा व मॅलाकाइट विकले जातात. घेणारा बहुधा अडचणीत सापडलेला असतो. मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, घरातील आजारपण यांपैकी काहीतरी त्याच्या मागे लागलेले असते. विकणारा त्याच्या चिंतेला किंमत लावतो. त्यातही हाउलाइट नावाचा पांढरा सच्छिद्र दगड रंगवून पिरोजा म्हणून खपविला जातो. खरा पिरोजा पुष्कळदा राळेसारख्या द्रव्याने भरून टिकाऊ केलेला असतो. रंग कधीही बदलणार नाही, अशी हमी ज्या खड्याची दिली जाते त्याविषयी म्हणूनच अधिक शंका घ्यावी. नैसर्गिक पिरोजा बदलतो.

तांब्याच्या अंगच्या गुणाविषयीही कसोटी झालेली आहे. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी संधिवाताच्या ७० रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांना निरनिराळ्या काळात तांब्याची व चुंबकाची कडी आणि दिसण्यात तशीच असलेली निष्प्रभ कडी घालावयास दिली होती. तांब्याच्या कड्याने निष्प्रभ कड्याहून अधिक गुण आला नाही. मॅलाकाइट पाण्यात भिजवून ते पाणी प्यावे, असाही सल्ला काही जण देतात. कळकलेले ताक जो टाकून देतो, त्याने हे पाणी पिण्याचे कारण नाही.

ब्रह्मजाल सुत्तातील यादीत मण्यापाठोपाठ वस्त्राचे लक्षण येते, हे आम्ही आरंभी सांगितले. त्या समजुतीचे उदाहरण मंगल जातकाच्या प्रस्तावनेत आहे. उंदरांनी कुरतडलेली वस्त्रे घरात राहिली तर सर्वनाश होईल या भीतीने राजगृहातील एका ब्राह्मणाने ती मुलाकरवी स्मशानात टाकविली. तथागतांनी ती उचलून घेतली. वस्त्र तेच होते. फरक पाहण्यात होता. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अतिमानवी शक्तींवरील विश्वासाची गणना अ-धम्मात केली, ती याच परंपरेला धरून.

निळे-हिरवे खडे सुंदर आहेत. ते आवडीने घालावेत, संग्रहालयात पाहावेत, त्यांचे तांबे व त्यांचे पाणी मुलांना समजावून द्यावे. मात्र ते घालण्यासाठी कोणी भीती दाखवीत असेल तर त्याला एवढेच विचारावे की हा रंग कशाने आला आणि हा दगड कोणी खणला. या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ नाहीत, त्याच्याजवळ आपल्या भविष्याचे उत्तर असण्याचा संभव नाही, असे आम्हास वाटते.